दिवाणाखालची टाकी, शिडाच्या बोटीची

आमच्या घरात शिडाच्या बोटीची टाकी होती. घर लातुरात होतं.

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकत नाही, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. तो संबंध जोडला माझ्या मेहुण्यानं, सुधाकरनं. हा मुंबईला बोटी बांधण्याच्या कारखान्यात वेल्डर होता. श्रीमंतांच्या हौसेच्या शिडाच्या बोटी तिथं तयार व्हायच्या. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला, आणि मी नांदेडहून बदलून नव्या कचेरीत कारकून म्हणून आलो होतो. कचेरी नवी, खुर्च्या नव्या, माझं दोन खोल्यांचं घर नवं. जुना होता तो फक्त दुष्काळ! टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा आणि आला की पंधरा मिनिटांत जायचा. तेवढ्या वेळात बादल्या, कळशा, पातेली, डबे असं भरत भरत मी चहाच्या किटलीपर्यंत पोचायचो.

सुधाकर सुट्टीला आला. खोलीभर मांडलेला हा भांड्यांचा बाजार बघून हसला.

"दाजी, असं भांड्याभांड्यात पाणी ठेवतेत व्हय? आमच्या बोटीत एवढुशी जागा असती, तरी महिनाभराचं पाणी आन् तेल मावतंय. टाकी बोटीत ठेवायचीच न्हाई. बोटीच्या अंगातच बांधायची! वर माणूस झोपतंय, खाली पाणी."

"आणि गळली म्हणजे?"

"गळत न्हाई. वेल्डिंग आपलं हाय."

चार दिवसांत त्यानं पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या भिंतीला धरून, जाड पत्र्याचे दोन कप्पे वेल्ड केले. मोठा पाण्याचा, धाकटा रॉकेलचा. त्यांच्याभोवती विटा लावून, वर फळ्या ठोकून दिवाण केला; पाणी काढायला एक फळी तेवढी सुटी ठेवली. पाण्याच्या कप्प्यात मधोमध एक आडवा पत्राही लावला. का? तर बोट डोलली की पाणी हिंदकळू नये म्हणून!

"अरे, पण घर कुठं डोलतंय?"

"पद्धत हाय, दाजी."

पाणी भरताना आतली हवा जायला त्यानं एक नळी काढली. टाकी भरायला लागली की त्या नळीतून 'हुऽऽश' असा आवाज यायचा, आणि माझी माय दिवाणावर थोपटत म्हणायची, "पी बाई पी, किती दिसाची तहानलेली हायस." दोन्ही कप्प्यांची तोंडं सुधाकरनं भिंतीतून बाहेर रस्त्यावर काढली आणि कारखान्यातून आणलेली पितळी झाकणं बसवली. एकावर इंग्रजीत 'वॉटर' कोरलेलं, दुसऱ्यावर 'फ्यूएल'.

"अक्षरं झिजली तरी ध्यानात ठेवा," जाताना तो म्हणाला. "डावं पाणी, उजवं रॉकेल. पण बोटीत डावं-उजवं बोटीचं असतंय, आपलं न्हाई. बोटीचं तोंड जिकडं, तिकडं तोंड करून बघायचं. घराचं तोंड म्हंजे दार. दाराकडं बघत आत उभं ऱ्हायचं."

मी मान हलवली. (मान हलवण्यात मी कचेरीत चांगलाच तयार झालो होतो.)

टाकी मात्र खरोखर गळली नाही. टँकरवाला बाहेरूनच पाइप लावायचा आणि मी आत दिवाणावर लोळत माझं पाणी वाढताना ऐकायचो. शेजारीपाजारी येऊन बघून जायचे. समोरचे किराणा दुकानवाले अप्पा कपाळावरची विभूती सावरत विचारायचे, "काय सायेब, किती भरली?" मी सांगायचो, "कुठं अप्पा, तळ दिसून राहिला." अप्पाही म्हणायचे, "आमच्यात तर थेंब न्हाई बघा." दुष्काळात पाण्याविषयी खरं बोलायचं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अर्धा मार्च सरला, चौदा एप्रिलची जयंती जवळ आली. आमची माय हदगावकडच्या खेड्यातली. तिनं जन्मात माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. ना लुगडं, ना दागिना. पण त्या वर्षी ती एकदम म्हणाली, "यंदा मिरवणुकीला पाणपोई आपली. आन् पाणी मी वाटणार. सोताच्या हातानं. येईल त्याला."

का, ते तिनं सांगितलं नाही. मला फार बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, की हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं. मी तडक जाऊन मिरवणुकीच्या समितीला शब्द दिला. मग घरात आंघोळी एक दिवसाआड सुरू झाल्या, माझ्या तर दोन दिवसांआड. वीस दिवसांत टाकी काठाला वीतभर कमी एवढी भरली. माझी ही जबाबदारीची वृत्ती बघून समितीनं मिरवणुकीतल्या गॅसबत्त्यांचं रॉकेलही माझ्याकडंच ठेवायला दिलं. भला मोठा डबा! मिरवणुकीची तहान आणि उजेड, दोन्ही माझ्या दिवाणाखाली!

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मला रंगवायची हौस आली.

भिंतीला चुना झाला, खाली निळा पट्टा झाला. डब्यात निळा ऑइलपेंट उरला होता. तो वाया जाऊ नये म्हणून मी दोन्ही झाकणांना दोन-दोन हात मारले. 'वॉटर' बुजलं, 'फ्यूएल'ही बुजलं. झाकणं अशी देखणी झाली की बस!

"अहो, कुठलं कशाचं ते ध्यानात हाय न्हवं?" बायकोनं, शोभानं, विचारलं.

"डावं पाणी, उजवं रॉकेल. मला काय विचारतेस?"

आणि रस्त्यावर, घराकडं तोंड करून, दाराला समोरून बघत मी रॉकेलचा सगळा डबा उजव्या तोंडात ओतला. नळीतून 'हुऽऽश' झालं. मी मनात म्हटलं, रॉकेलचा कप्पाही श्वास घेतो वाटतं!

दुसऱ्या दिवशी, जयंतीच्या सकाळी, मायनं चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"शोभे, चहात काय घातलंस गं?"

"आलं."

"ह्ये आलं पेटंल."

मी धावत जाऊन दिवाणाची फळी उचलली. पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगत होतं. संध्याकाळी शेकडो माणसं तहानलेली येणार, आणि मायच्या जन्माच्या एकुलत्या एका मागणीत मी रॉकेल ओतून बसलो होतो! माय भिंतीकडं तोंड करून बसली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सुधाकर मुंबईहून जयंतीसाठी आला. पिशवी खाली ठेवायच्या आत त्याला वास आला.

"दाजी, कुठं उभं ऱ्हाऊन ओतलं?"

"रस्त्यावर."

"मंग तुम्ही समुद्रात उभं व्हता!"

अंगात बांधलेल्या टाकीचा एकच दोष असतो : ती उचलून उपडी करता येत नाही. फळीखाली जेमतेम हात जाईल एवढंच भोक. सुधाकरचा दंड वेल्डरचा, तो आत जाईना. माझा कारकुनाचा, सहज गेला. मग मी पालथा पडून जुन्या धोतरानं रॉकेल टिपून टिपून डब्यात पिळत बसलो. त्यात सुधाकरनं पद्धत म्हणून लावलेला तो आडवा पत्रा! एका बाजूचं संपलं की दुसरी बाजू. दुपारपर्यंत मी खांद्यापर्यंत रॉकेलात भिजलो. रॉकेल निवळून बत्त्यांपुरतं परत मिळालं, पण पाण्याचा वास जाईना. ते शेवटी गटारीत सोडलं. (आठवडाभर वसाहतीत डास नव्हते. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.)

आम्ही हे करत होतो तोवर शोभा गल्लीत दारोदार जाऊन खरं काय ते सांगून आली. मी तिला अडवणार होतो, इज्जतीचा प्रश्न होता. बरं झालं, माझा हात भोकात होता.

पहिले आले अप्पा. डोक्यावर हंडा, मागं त्यांची सून, तिच्या कमरेवर घागर.

"अप्पा, तुमच्याकडं तर थेंब नव्हता!"

"तुमचा पण तळच दिसत व्हता की, सायेब!"

मग प्रत्येक घरातून पाणी निघालं. पलंगाखालून, कोठीतून, धान्याच्या कणगीआडून. थेंब नसलेल्या लोकांनी चार वाजेपर्यंत चार रांजण भरले. मायनं तोंड धुतलं, पांढरं लुगडं नेसली आणि पाणपोईवर जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी मिरवणूक आली. म्हातारे, पोरं, लेझीमवाले, बँडवाले, बंदोबस्ताचे पोलीस, समोरून जाणारा एक टांगेवाला, सगळ्यांना मायनं स्वतःच्या हातानं पेले भरून दिले. अप्पांनी तर तीनदा मागून प्यायलं. तिचा हात थकत नव्हता. एवढी खूश माय मी पुन्हा कधी बघितली नाही.

गर्दी सरल्यावर मला आठवलं की सकाळपासून आपण पाण्याचा थेंब घेतलेला नाही. मी पेल्याला हात घालणार, तोच ती ओरडली, "हात लावू नको! पेल्याला वास लागंल. लांब हो."

मी लांब झालो. वाकून ओंजळ केली.

"ती बी नगं. रॉकेल पिशील. हात मागं घे. आ कर."

मी हात मागं बांधून आ केला. माय वरून, लांबून, तांब्यानं माझ्या तोंडात धार सोडत राहिली. अर्ध्यात मी वर बघितलं, तर तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

"ल्हानपणी आमाला गावच्या हिरीवर असंच वतायचे," ती म्हणाली. "वरून. लांबून. पर तवा ओंजळ तरी चालत व्हती! आन् आमच्यावर ती पाळी लोकांनी आणली व्हती. तू शिकलास, सायेब झालास, आन् सोताच्या अकलेनं आणलीस!"

मी हात मागंच ठेवले आणि पुन्हा आ केला.