टाकीच्या तोंडाशी

महिला मंडळात मला हल्ली भाषणाला बोलावतात. शून्यातून धंदा कसा उभा केला ते सांगा, म्हणतात. मी सांगते: वेळेवर पोचा, काम झाल्यावर सेक्रेटरींना फोटो पाठवा, कुणी हिणवलं तर हसून सोडून द्या. बायका टाळ्या वाजवतात. हसून सोडून देणं मला जन्मात जमलेलं नाही, हे त्यांना कुठे ठाऊक!

आमचा धंदा इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचा. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा माझे दागिने मोडून आम्ही एक पंप आणि प्रेशरचं मशीन घेतलं. माहेरी मी ‘पाण्याचं काम’ एवढंच सांगायचे. त्यांना बरेच दिवस वाटत होतं की आम्ही बाटल्या विकतो.

जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरायचं नसतं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक वरच्याच्या हातात. आत ब्लीचिंगची वाफ कोंडते. चक्कर येऊन माणूस पालथा पडला, तर घोटाभर पाण्यातही बुडतो. म्हणून वरच्याने सारखी हाक मारायची, ओ आली नाही तर ओढायचं, आणि काही झालं तरी दोर सोडायचा नाही. दोन हिसके म्हणजे वर ये. आमच्यात खाली नवरा आणि वर मी.

दिंडोशीतल्या एका सात मजली इमारतीचं काम मिळालं. सकाळी दहाचा सुमार होता. नवरा आत उतरला होता आणि मी दोर मनगटाला गुंडाळून टाकीच्या तोंडाशी बसले होते. तेवढ्यात फाटकातून एक माणूस तरातरा आला. मी त्याला ओळखत होते. वाकोल्याचा होता, पण आमच्याआधी दिंडोशीतल्या सगळ्या टाक्या तोच धुवायचा.

“ए बाई, ही माझी बिल्डिंग आहे. चल, सामान उचल.”

“आत माणूस आहे. काम झालं की बोलू.”

त्याने कानाखाली वाजवली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी उठले नाही, कारण उठले असते तर दोर सैल पडला असता. मग त्याने केस धरून मला मागे खेचलं आणि बरगडीत लाथ घातली. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. भाजीवाल्यालाही दोन शब्द सुनावल्याशिवाय मला घास जात नाही. त्या दिवशी मात्र मी दोन्ही हातांनी दोर धरून गपगुमान मार खाल्ला. वॉचमन पाण्याची मोटार बघायच्या निमित्ताने मागे निघून गेला.

आतून नवऱ्याचा आवाज आला, “काय झाला गो?”

“काही नाही. मांजर आहे.”

खरं सांगितलं असतं तर तो घाईने शिडी चढला असता, आणि ती शिडी शेवाळाने बुळबुळीत झालेली होती. पण तेवढ्यात त्या माणसाने टाकीचं लोखंडी झाकण धरलं आणि तोंडाकडे ओढायला लागला. मी दोराला दोन हिसके दिले आणि झाकणाला पाय रोवून आडवी पडून राहिले. तो माझ्या पायांवर लाथा घालत होता.

नवरा वर आला, माझ्या तोंडावरचं रक्त बघितलं आणि त्या माणसाचे पाय धरून त्याला आडवा पाडला. त्याचं डोकं फरशीवर आपटलं. त्या माणसाने पडल्यापडल्या उजवा हात वर केला.

“बस वहिनी. चुकलं माझं.”

तिथेच संपायला हवं होतं. पण शेजारी झाकण उचकटायची पहार पडली होती, आणि आता माझे हात मोकळे होते. मी ती उचलली आणि त्याच्या वर केलेल्या हातावर घातली. हात फरशीवर पडला, तर तिथेही त्यावर पुन्हा घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तिसऱ्यांदा उगारली तेव्हा नवऱ्याने मला मागून घट्ट आवळून धरलं. त्याला माझीच भीती वाटली होती.

पोलिसांत कुणी गेलं नाही. सोसायटीला नाव खराब करून घ्यायचं नव्हतं, आणि पहिला हात त्याने उचलला होता. बातमी मात्र पसरली. बाई खमकी आहे, असं सेक्रेटरी एकमेकांना कौतुकाने सांगायला लागले. आमच्या वाटेला पुन्हा कुणी आलं नाही. त्याच्या सगळ्या इमारती वर्षभरात आमच्याकडे आल्या. आज दोन टेम्पो आहेत, आठ माणसं आहेत, बोरिवलीला स्वतःचं घर आहे. भाषणात मी हे सगळं मेहनतीच्या खात्यात घालते.

त्या मारामारीनंतर चार महिन्यांनी एका दुपारी दाराशी एक बाई आली. वाकोल्याच्या त्या माणसाची बायको, म्हणाली. शिव्या देईल म्हणून मी कंबर कसून उभी राहिले.

“त्यांची बोटं मिटत नाहीत आता,” ती म्हणाली. “मला काम द्या ना ताई. मला येतं. त्यांचा दोर मीच धरायचे.”

तो आमच्या टाकीशी एकटा का आला होता, ती त्या दिवशी कुठे होती, हे मी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याचा जीव हिच्या हातात द्यायचा, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं.

दोर सोडून दुसरं काम देता आलं असतं. ब्रश धुणं होतं, फोन घेणं होतं. हे मला पाचच मिनिटांत सुचलं. खिडकीतून बघितलं, तर ती अजून रस्त्यापलीकडे रिक्षा थांबवत होती. मी हाक मारली नाही.