‘शाळेत मला भीती वाटते’

माझ्या एम.एड.च्या प्रबंधाला चांगली श्रेणी मिळाली होती. तो अजून कपाटात आहे, निळ्या कापडी बांधणीचा. विषय होता, किशोरवयीन विद्यार्थ्यांना आपल्या शाळेचं वातावरण कसं वाटतं. त्यात सगळं आहे, कोष्टकंसुद्धा आहेत. एक कागद तेवढा नाही, आणि तो का नाही हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीकडच्या एका गावातल्या शाळेत शिकवत होते. मी मूळची पुणतांब्याची, गोदाकाठची. पाणी हे नदीत असतंच, अशा समजुतीत वाढलेली. इथं गावच्या विहिरीत वरून डोकावलं तर तळ दिसायचा, आणि तळाच्या एका कपारीत झिरा. कड्याकपारीला पाय लावत खाली उतरायचं, वाटीनं वाटीनं पाणी हंड्यात भरायचं आणि वरच्यांनी तो हंडा दोरानं ओढून घ्यायचा. हे काम पोरीबाळींचं. मोठ्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात.

मास्तरांचं पाणी पोरांनी भरायचं ही तिथली जुनी रीत. मी एकटी बाई, म्हणून माझं पाणी मुलींकडे आलं. आठवी-नववीत मिळून सात मुली होत्या. त्यांनी आपसात वार वाटून घेतले, एकीला एक. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं. मुलींचा माझ्यावर जीव आहे, असं मी आईला पत्रातून कळवलंसुद्धा.

रविवार ज्या मुलीकडे होता ती नववीत होती. सातवीनंतर बाप तिला काढून घ्यायला निघाला होता. मी त्यांच्या ओट्यावर तीन वेळा जाऊन बसले, शेवटी म्हणाले, “अकरावीपर्यंत माझी जबाबदारी. नापास झाली तर मला विचारा.” तो म्हणाला, “तुमच्या भरवशावर ठिवतो बाई.” त्यामुळे ती शाळेत टिकली पाहिजे, ही माझी इरेची गोष्ट होऊन बसली होती. गावातली एक पोर जरी मॅट्रिक झाली तरी माझं इथं येणं सार्थकी लागलं, असं मी धरून चालले होते.

प्रबंधासाठी पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी प्रश्नावलीचा गठ्ठा दिला होता, चाळीस विधानांचा. ‘शिक्षक मला समजून घेतात.’ ‘शाळेत यावेसे वाटते.’ ‘शाळेत मला भीती वाटते.’ पुढे नेहमी, कधी कधी, कधीच नाही. एकावर खूण करायची. शेवटी दोन रिकाम्या ओळी, आणखी काही सांगायचं असल्यास. मुख्याध्यापकांनी परवानगी देताना एवढंच म्हटलं, “पोरं सुखात हायेत असंच येऊ द्या म्हंजे झालं.”

पहिल्या खेपेला नववीचे सगळे कागद एकसारखे आले. चाळीसच्या चाळीस खुणा त्याच जागी. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलानं उत्तरं ठरवली होती आणि ती बाकाबाकावरून मागपर्यंत पोचली होती. मी चिडले तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, “पन बाई, बरोबर कोन्तं हाय ते तुमी सांगितलंच न्हाई.” कुणी मोठं माणूस आपल्याला काय वाटतं ते विचारतं आणि त्यात चूक-बरोबर नसतं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. कागद दिला म्हणजे परीक्षा. परीक्षा म्हणजे कुणीतरी नापास होणार.

मला पुण्याला महिन्याभरात आकडे द्यायचे होते. मी सगळ्यांना मैदानात नेलं, दहा-दहा हातांवर एकेकाला बसवलं. म्हणाले, “नाव लिहायचं नाही. मनात असेल तेच लिहा. कुणी लिहिलं हे कुणाला कळणार नाही.” ते नुसतेच माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मी गळा चिमटीत धरला आणि शपथ घेतली. त्या मुलांना शपथ कळत होती. मग माना खाली गेल्या.

संध्याकाळी खोलीवर बसून मी कागद बघत होते. या वेळी खुणा वेगवेगळ्या होत्या आणि मी खुशीत होते. मग तो कागद हातात आला. ‘शाळेत मला भीती वाटते’ पुढे ‘नेहमी’. खाली रिकाम्या ओळींत लिहिलं होतं, ‘रविवारी बाई न्हातात. तेव्हा चार खेपा होतात. विहिरीत उतरताना माझे पाय कापतात. नाही म्हटले तर शाळेतून काढतील. बाई चांगल्या आहेत.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला लाज वाटायला हवी होती ती वाटली नाही. मला राग आला. जिच्यासाठी मी बापाच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं, तिनं हे लिहावं? मी कधी म्हटलं होतं काढीन म्हणून? रात्रभर मी तिला मनातल्या मनात माझे उपकार मोजून दाखवले. खरं तर तिनं एकाही शब्दात तक्रार केली नव्हती. विचारलं ते सांगितलं होतं. वर्षभर मी तिच्या जिवावर केस धूत होते, आणि हे मला कळायला छापील कागद लागला.

सकाळी वर्गात शिकवता शिकवता मी थांबले आणि म्हणाले, “रविवारचं पाणी कुणाला जड होत असेल तर तोंडावर सांगावं. कागदावर कशाला?”

रविवार कुणाचा हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. मुली तिच्याकडे वळून बघायला लागल्या. ती उभी राहिली. का उभी राहिली कोण जाणे, मी तिला उठवलं नव्हतं. आणि म्हणाली, “म्या न्हाई लिवलं बाई. म्या समदं चांगलंच लिवलंय.” मी म्हणाले, “बस खाली.” एवढंच म्हणाले. शपथ घेऊन चोवीस तासही झाले नव्हते, आणि मी ती मोडली होती.

त्या रविवारी तिनं चार खेपा केल्या. मी नको म्हणेपर्यंत पाचवीला निघाली होती. सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारी नाही, आठवडाभर नाही. मी वाट बघत होते; रोज हजेरी घेताना तिचा क्रमांक आला की दाराकडे बघायचे. पुढच्या रविवारी मी उठून थेट दुष्काळी कामावर गेले.

ती आईशेजारी खडी फोडत होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला बघून दोघी उठल्या. आईनं आधी टँकरचं पाणी तांब्यात भरून माझ्यापुढे धरलं. मी पोरीला म्हणाले, “माझं चुकलं. तू शाळेत ये.” असं बोलायला फार कष्ट पडले, तरी बोलले.

तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग शोधत होते मी, तो असता तर बरं झालं असतं. ती अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, “येते की बाई. रविवार माझ्याकडंच ऱ्हाईल का दुसरा वार देताल?”

“कुठलाच वार नाही,” मी म्हणाले. “पाणी नाही भरायचं. नुसतं शिकायला ये.”

तिला ते खरं वाटलं नाही. माझ्या शपथेवर तिनं एकदा विश्वास टाकून बघितला होता. आई म्हणाली, “हे काम सरलं की धाडते बाई.” ते सांगण्यापुरतं होतं, हे तिला, मला आणि पोरीला कळत होतं. ती पुन्हा कधी शाळेत आली नाही. तिचा कागद मी ‘अपूर्ण’ म्हणून रद्द केला आणि उरलेल्या कागदांवरून शाळेचं वातावरण समाधानकारक ठरलं.

दुष्काळी कामावर तिला भेटून त्याच रविवारी दुपारी परत आले तर खोलीच्या दारात दोन हंडे भरलेले होते. आठवीतली एक मुलगी पायरीवर बसली होती, गुडघा सोललेला. मला बघून ती उठली आणि म्हणाली, “बाई, आजपास्नं रविवार माझ्याकडं दिलाय समद्यांनी. अजून दोन खेपा आनते.”

माझ्या घशाला कोरड पडली होती. घरात पाण्याचा थेंब नव्हता. मी तिला नको म्हणाले नाही.