पालखी झाली की डोळे

माझी बायको मंगल गेल्याच्या दुसऱ्या वर्षी अक्षरे माझ्यापासून दूर जाऊ लागली. मी रत्नागिरीजवळच्या एका गावात ग्रंथपाल आहे, आणि पुस्तकाशिवाय मला दुसरे काही येत नाही. बारा वर्षांपूर्वी, सोडावॉटरच्या बाटलीसारखा चष्मा नाकावरून उतरावा म्हणून, मंगलनेच मागे लागून शस्त्रक्रियेने माझ्या दोन्ही डोळ्यांच्या आत भिंगे बसवून घेतली. शुद्धीवर आल्यासारखे जग दिसले तेव्हा. दर वर्षी तपासणी करायची असे डॉक्टरांनी बजावले होते. मी विसरणार हे मंगलला ठाऊक होते, म्हणून तिने नेम घातला: शिमग्यात देवीची पालखी घरी येऊन गेली की त्याच आठवड्यात डोळे दाखवायचे. दहा वर्षे तो मोडला नाही.

ती गेली त्या वर्षी सुतकामुळे आमच्याकडे पालखी आली नाही. पालखी नाही, म्हणून डोळ्यांची फेरीही नाही, असे मी मनाशी धरून बसलो. पुढच्या वर्षी पालखी आली, पण मंगलने जपलेली माझ्या डोळ्यांची फाइल उघडायचे धाडस झाले नाही. अशी दोन वर्षे गेली आणि छापील ओळी धुरकट झाल्या. मुंबईच्या चुलतभावाला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "बारा वर्षं झाली? कुजलं असेल रे आत. काढून टाक आधी." त्या शब्दाने माझी झोप उडाली. वाचता येणार नसेल तर एकट्याने जगायचे कशासाठी, हा प्रश्न रोज पहाटे उशाशी येऊन बसे.

आमच्याकडे विहीर खणायची असो की लग्न ठरवायचे असो, ग्रामदेवीला कौल लावतात. मीही गेलो. म्हातारे गुरव मला पाहून म्हणाले, "काय मास्तर, वाट चुकलात? इचारा, काय इचारायचंय."

"डोळ्यातली भिंगं काढू का, एवढंच."

त्यांनी देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुले चिकटवली, गाऱ्हाणे घातले. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. आम्ही वाट पाहत राहिलो. गाभाऱ्यातल्या समईत दोनदा तेल घालून झाले, तरी एक पाकळी हलेना. अखेर गुरवांनी माझ्याकडे मान वळवली.

"डाक्टरला कधी दाखवलंत?"

मी सांगितले.

"मग देवी काय बोलणार, कपाळ! तुमचा सवालच आंधळा हाय, मास्तर. दाखवायला जाऊ का, असं इचारा की."

मी तसे विचारले. माझे वाक्य संपते न संपते तोच उजवीकडचे फूल घरंगळून खाली आले. ओलावा सुकला असेल, वारा आला असेल. मला त्याची चिकित्सा करावीशी वाटली नाही. मी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी फाइल न उघडताच काखेत मारून शहरात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासले. मग सांगितले, "ही भिंगं कुजत नाहीत. पण काही जणांना मोतीबिंदू लवकर येतो, काहींचा डोळ्याचा दाब वाढतो, बुबुळाच्या आतल्या पेशी कमी होतात. सुरुवातीला ते तुम्हाला कळत नाही, यंत्रालाच दिसतं. म्हणून दर वर्षी यायचं. पुढे गरज पडलीच तर भिंग काढताही येतं. तुमचं सगळं जागच्या जागी आहे."

"मग दिसत का नाही?"

"वय किती?"

"सत्तेचाळीस."

त्या हसल्या आणि माझ्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून तिच्यात दोन काचा सरकवल्या. वाचायला म्हणून त्यांनी समोरची माझीच फाइल उलटी करून हातात दिली. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत, मंगलने दहा वर्षांच्या नोंदी केल्या होत्या. शेवटची नोंद मी मोठ्याने वाचू लागलो. "डोळे छान. यांना चाळिशी लागणार लवकरच, डॉक्टर म्हणाल्या. यांना आत्ता सांगायचं नाही. लागली की चिडवायचं."

पुढे मला वाचता आले नाही. त्यात डोळ्यांचा दोष नव्हता. डॉक्टरीणबाई खिडकीकडे वळल्या.

दोन वर्षे मी ज्या भीतीने झुरलो, तिचे उत्तर माझ्याच कपाटात, मंगलच्या हातचे, पडून होते. देवीने मला नवे काही दिले नाही. जे होते तिथवर हाताला धरून नेले. देवावर भार टाकणे म्हणजे डोळे मिटून बसणे, असे मी समजत होतो. आता वाटते, जाणत्याला आपले दुखणे बघू द्यावे, तपासू द्यावे, आणि निघेल ते ऐकायला उभे राहावे, एवढेच देवाला हवे असते.

यंदा पालखी अंगणात आली तेव्हा मीच ओटी भरली. चौथ्या दिवशी डोळे दाखवून आलो, चाळिशी नाकावर चढवली आणि मंगलच्या ओळीखाली लिहिले: "डोळे छान. चिडव आता."