लेकीची सिसिलीची सुट्टी

लेक खोटं बोलतेय हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण तिनं स्वतःहून माहिती दिली. बावीस वर्षांची बया, हॅम्बर्गमध्येच जन्मलेली, नर्सिंगच्या आउसबिल्डुंगच्या, म्हणजे प्रशिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाला. एरवी मी मराठीत दहा प्रश्न विचारावेत तेव्हा जर्मनमध्ये एक ‘गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर’, एवढंच पदरात पडतं. आणि त्या दिवशी जेवताना चक्क मराठीत सांगते, “आई, मी तीन आठवडे सिसिलीला जातेय. सुट्टी. समुद्र, ऊन, पिझ्झा.”

“जाऊ दे की,” नवरा म्हणाला. “तुला मेलं सगळ्यात काळंबेरंच दिसतं.”

दिसतंच! मला वाटलं, मुलगा असणार. इटालियन. मग मी पाळत ठेवली, सांगायला लाज कसली? समुद्रावर निघालेली पोर, पण नवीन स्विमसूट नाही. आणलं काय, तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. कुणाचा फोटो दिसेल म्हणून फोनमध्ये डोकावले, तर रोज सकाळी तोच निळा नकाशा, भूमध्य समुद्राचा, आणि त्यावर लाटांची उंची. कुठल्या प्रियकराला लाटा मोजून भेटतात?

तो समुद्र मला शाळेपासून पाठ. ‘भौगोलिक कारणे द्या: भूमध्य समुद्राच्या काठी हिवाळ्यात पाऊस पडतो.’ हा प्रश्न परीक्षेला हमखास यायचा. बोलता बोलता तिच्या तोंडून काही निसटेल म्हणून एका संध्याकाळी मी तिला सगळा धडाच ऐकवला. तीन खंडांच्या मधला समुद्र, काठाकाठानं ऑलिव्ह आणि द्राक्षं. ग्रीक, रोमन, इजिप्तचे लोक, सगळे त्याच्याच काठी मोठे झाले. आपल्या कोकणातल्या बंदरांतला मालसुद्धा फिरत फिरत तिथवर जायचा.

“या काठावरून त्या काठावर माणसांची नुसती ये-जा असायची,” मी म्हटलं.

“आता येऊ देत नाहीत,” ती म्हणाली आणि ताट उचलून उठली.

रविवारी मी ऑफिसचं काहीतरी छापायला प्रिंटर चालू केला, तर आधी तिचं अडकलेलं पान बाहेर आलं. फॉर्म होता. लिबिया आणि सिसिलीच्या मधे बुडणाऱ्या माणसांना वाचवणाऱ्या जहाजावर काम करण्याचा. रक्तगट, लसी, सगळं भरलेलं. खाली एक रकाना होता, काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं? तिथे तिच्या मैत्रिणीचा नंबर.

मुलगा परवडला असता! मी पान घेऊन तरातरा तिच्या खोलीत गेले.

“हे काय आहे?”

ती पांढरीफटक पडली. मग हळूहळू, शब्द शोधत, मराठीत बोलायला लागली. “लोक रबरी होडीत बसून निघतात, आई. होडी फुटते. मला जखमा बांधता येतात, सलाईन लावता येतं. मी इथे कशी बसू?”

“आणि मला सांगायचं नाही?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते! आत्ताही म्हणतेय!” माझा आवाज चिरकला. “पण ह्यात मैत्रीण कशाला? मी काय मेले?”

“तसा फोन तुला यायला नको होता,” ती म्हणाली. “बाबा दिवसभर कामावर. तू घरून काम करतेस, एकटीच असतेस.”

मी तिच्या पलंगावर बसले. ती जाणार होती, मी आडवी पडले असते तरी. मग मी तिच्या टेबलावरचं पेन घेतलं, मैत्रिणीचा नंबर खोडला आणि माझा लिहिला. एकेक आकडा दोनदा गिरवला.

“कळायचंच असेल,” मी म्हटलं, “तर आधी मला कळू दे.”