कढीपत्त्याच्या मुळाशी

आईचं दूध म्हणजे अमृत, याबद्दल जगात दुमत नाही. आमच्याकडे ते अमृत काही दिवस कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं जात होतं, आणि तसा निर्णय घरातल्या सर्वांत शिकलेल्या व्यक्तीनं घेतला होता. ती व्यक्ती मी.

पहिलं बाळंतपण म्हणून अकोल्याहून अमरावतीला माहेरी आले होते. मुलगी झाली, आणि पाठोपाठ माझी डावी पोटरी सुजली. शिरेत रक्ताची गाठ निघाली. आधी इंजेक्शनं, मग रक्त पातळ करायची रोजची गोळी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळी चुकवायची नाही, ठरल्या दिवशी रक्त तपासायचं, आणि बाळाला खुशाल पाजायचं.

यातलं शेवटचं मला पटेना. मी कॉलेजात इतिहास शिकवते. कोणी काही ठासून सांगितलं की पुरावा मागायची सवय आहे. हारतुऱ्यांच्या समारंभात गौरवाची भाषणं ऐकताना तर ती फारच बळावते. म्हणून पडल्या पडल्या मोबाइलवर स्वतंत्र संशोधन केलं. हे औषध एके काळी उंदीर मारायला वापरत, असं त्यात सापडलं. पुढे वाचायची गरज वाटली नाही. इतिहासवाल्यांना मूळ सापडलं की पुरे असतं.

गोळी सोडणं धोक्याचं, एवढं कळत होतं. म्हणून पाजणं सोडलं. मुलीला डब्यातली पावडर, आणि माझं दूध पिळून मोरीत. आईनं ते पाहिलं.

"काहून सांडून राहिली वं?"

मी उंदरांसकट सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. पण मोरीत नको टाकू, पायदळी येते. झाडाले टाक."

अशी कढीपत्त्याची सोय झाली. मुलगी बाटली तोंडातून ढकलून द्यायची आणि माझ्याकडे मान वळवून रडायची. हे तुझ्याच भल्यासाठी आहे, असं मी तिला वर्गातल्या आवाजात सांगायचे आणि मग स्वतःही रडायचे.

सासूबाई अकोल्याहून भेटायला आल्या त्या पिशवीभर शेपू घेऊन. शेपूनं दूध वाढतं, म्हणून आई तो आधीच दोन्ही वेळा करत होती. आता ताटात शेपूशेजारी आणखी शेपू आला. तो खाऊन मी दूध वाढवायचे आणि वाढलेलं दूध झाडाला घालायचे. यात काही विसंगती आहे असं आम्हा तिघींपैकी कोणालाच वाटलं नाही. सासूबाईंना फक्त एकच शंका होती.

"डॉक्टरीण पाज म्हनते, तू नाई म्हनते. मंग आपन तिच्याकडे जातो कशाले?"

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई रिपोर्ट बराच वेळ बघत होत्या. मीच आधी बोलले. बाळाला दूध देत नाही, हे जरा अभिमानानंच सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. ही गोळी दुधात जवळजवळ उतरतच नाही, म्हणून तर ती दिली होती, म्हणाल्या. काही नव्या गोळ्यांची अजून तेवढी खात्री नाही, त्या मुद्दाम टाळल्या होत्या. मग त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, बाळाचं राहू द्या. तुमचंच रक्त पातळ झालेलं नाही. खाऊन काय राहिल्या तुम्ही?"

शेपू, मी म्हणाले.

पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं. भाजी बंद करायची नाही, पण रोज बेतानं आणि सारखीच खायची, म्हणजे गोळीचं प्रमाण बसवता येतं. हेही त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मी पुराव्याचा विचार करत होते.

थोडक्यात, जे औषध माझ्यावरच चालत नव्हतं, त्यापासून मी मुलीला वाचवत होते.

घरी आल्यावर तिला जवळ घेतलं. पुरावा न मागता ती प्यायला लागली.

कढीपत्त्याला आता पुन्हा नळाचं पाणी घालतात.