खटक्यावरची रबरी पट्टी

परवा इलेक्ट्रिक करवतीचा खटका बदलायला घेतला. झिजून झिजून तो दाबला तरी धरत नव्हता. नवा खटका देताना सियागंज बाजारातला दुकानदार म्हणाला, "दीदी, रबर बांध लेतीं तो साल भर और चल जाता." रबर म्हटल्याबरोबर मला बाबांची करवत आठवली.

मी लहान असताना एकदा बड़ा गणपती मंदिराजवळच्या आमच्या घरी बाबा मखर करत होते. त्यांच्याही करवतीचा खटका असाच झिजलेला. त्यांनी तो सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून कायमचा दाबून ठेवला होता आणि करवत भिंतीवरच्या बटणानं चालवत होते. मध्येच लाइट गेली. बटण चालूच ठेवून बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आईला फरशी पुसायची होती. तिनं करवत मांडीवर घेतली आणि सावकाश वायर गुंडाळायला लागली. पदर पात्यावर लोंबत होता. मी ओरडले असते तर ती दचकली असती. पाय न वाजवता भिंतीपाशी गेले आणि करवतीची पिन उपटली. ती हातात असतानाच डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

"आली बाई लाइट," आई म्हणाली.

बाबा आत आले. त्यांनी माझ्या हातातली पिन पाहिली, मग आईची मांडी. करवत घेऊन ते खाली बसले आणि पट्टी सोडायला लागले. गाठ सुटेना.

"कैंची देऊ का, बाबा?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि पुन्हा गाठीला नख लावलं. मला वाटलं, गाठ फारच घट्ट बसली असेल.

परवा नव्या खटक्याचा स्क्रू कसताना पेचकस माझ्या हातात थरथरत राहिला, सारखा घसरला. तेव्हा कळलं, त्या दिवशी बाबांना गाठ का सुटत नव्हती.