सीबमध्ये मी टेनिसवर बोलले

विमान खाली उतरू लागलं तेव्हा खिडकीतून नुसते तपकिरी डोंगर दिसत होते, झाड म्हणून नाही. "अगं बाई, इथे माणसं राहतात तरी कुठे?" मी मोठ्यानेच म्हणाले. मस्कतला कस्टमच्या माणसाने माझी रॅकेटची बॅग उघडली, तर आतली मेतकुटाची पुडी फुटून त्याच्या गणवेशावर उडाली. माझी गाळण उडाली, पण तो हसला. रॅकेटकडे बोट दाखवून म्हणाला, "चॅम्पियन?" मी "यस, यस" करून टाकलं. खरं तर मी कोल्हापुरात पोरांना टेनिस शिकवते. पण परदेशात माणसाला जरा मोठं व्हावंसं वाटतंच.

माझी धाकटी बहीण सुमा आणि तिचे यजमान दिलीपराव मस्कतजवळच्या सीबला राहत. गाडीतच दिलीपरावांनी विषय काढला. "ताई, आमची ऋचा आता नववीत जाणार. टेनिस चालू ठेवायचं की बंद करून शिकवणी लावायची, ते तुम्ही सांगा. आम्हाला त्यातलं काय कळतंय?" आखातातल्या आपल्या घरांत ही रीतच आहे. गावाकडून कोणी जाणतं माणूस आलं की घरातला अडलेला निर्णय त्याच्यापुढे ठेवायचा आणि ते म्हणेल ते मान्य करायचं. मी मान डोलावली. आतून फुगलेच होते.

ऋचा दारातच उभी होती. तिचं मराठी अडखळत चालायचं. "मावशी, तू माझा बॅकहँड बघशील ना? प्रॉमिस?"

"बघते की! त्यासाठीच तर आले," मी म्हटलं. आणि दोन दिवस सीबच्या जुन्या सूकमध्ये (बाजारात) भटकत, ओमानी हलवा चाखत काढले. गूळ, तूप, केशर आणि गुलाबपाणी घालून आटवलेला तो चिकट गोळा बोटांना असा धरतो की सोडवत नाही. बॅकहँड राहून गेला.

तिथे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. शुक्रवारी सकाळी अल मवालेहच्या मोठ्या बाजारातून भाजी आणली आणि दुपारी दिलीपरावांचे मित्र जेवायला आले. त्यांतले रत्नागिरीचे इक्बालभाई कनाद (सुरमई) घेऊन आले होते. "घ्या ताई, ताजी हाय, तुकडा मोठा घ्या!" टीव्हीवर टेनिस चाललं होतं. कोणीतरी विचारलं, पुरुषांचं टेनिस सरस की बायकांचं?

झालं! मला तेवढंच हवं होतं. "पुरुषांत पहिल्या फेरीपासून झुंज असते," मी म्हणाले. "शंभराव्या नंबरचा पोरगासुद्धा मोठ्या खेळाडूला पाच सेट दमवतो. बायकांत सोळा वर्षांची पोर थेट वर जाते, कारण वाटेत अडवायला कोणी नसतंच. वरच्या चार-पाच जणी सोडा, बाकी सगळा भरणा!"

काय हशा पिकला! ऋचा भाताचं भांडं घेऊन उभी होती. "भरणा म्हणजे काय, मावशी?"

"म्हणजे नुसती जागा भरायला आलेल्या," मी हसत सांगितलं आणि सुमाकडे आणखी कढी मागितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋचा मला अल खौदच्या कोर्टवर घेऊन गेली. तिचा बॅकहँड पाहिला आणि मी बाकावरून उठलेच. असा हात शिकवून येत नाही. कोर्टवर सगळे मुलगेच होते. "मुली कोणी नाहीत?" मी विचारलं.

"दोघी होत्या. एक इंडियाला गेली. दुसरीचे फादर नको म्हणाले."

"मग तू खेळतेस कोणाशी?"

"बॉईज वॉर्म-अपला घेतात. मग वॉल आहे ना."

भिंतीवर तिचा चेंडू टपटप आपटत राहिला आणि मला कोल्हापूरचं माझं कोर्ट आठवलं. नवे चेंडू मुलांना आणि त्यांची लव झिजली की तेच मुलींना, ही पद्धत माझीच. वाटेत कोणी नसतंच, असं मी टेचात सांगितलं होतं. वाटेवर येऊ देतो कोण त्यांना?

घरी येताच मी दिलीपरावांना गाठलं. "पोरीचा हात सोन्याचा आहे. टेनिस अजिबात सोडू नका."

ते समजुतीनं हसले. "ताई, आता आमचं मन राखायला बोलू नका. काल चौघांत तुम्ही खरं तेच बोललात. हा महिना संपला की खलास, असं सकाळीच कोचना कळवलंय मी. ऋचालाही सांगितलंय."

म्हणजे कोर्टवर नेताना पोरीला ठाऊक होतं! एका शब्दानं बोलली नाही, फक्त बॅकहँड दाखवला. मी भांडले, मी मूर्खासारखी बोलले असंही कबूल केलं. दिलीपराव हात जोडून ऐकत राहिले. पाहुणीचा पहिला शब्दच त्यांनी खरा धरला होता.

निघताना विमानतळावर ऋचाने आपली रॅकेट माझ्या हातात दिली. "तुझ्याकडच्या कोणा मुलीला दे, मावशी." मला तिच्याकडे बघवलं नाही.

कोल्हापुरात आता नव्या चेंडूंचा डबा मुलींच्या कोर्टवर आधी उघडतो. रॅकेट मी एका नव्या मुलीला दिली. मुठीवर ऋचाचं नाव आहे. तिने ते वाचून विचारलं, "मॅडम, ही कोण? खेळते?"

"माझी भाची," मी म्हणाले. "खेळायची."

पुढे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत निघून गेले.